नालाची फळी

रत्नपालनं फोनवर बजावून सांगितलं होतं, "आक्का, खरडत बसू नको. वरूनच पॉलिशचा एक हात मारून घे."

मी खरडलं.

रत्नपाल माझा धाकटा भाऊ. एकुलता एक, आणि वयानं इतका लहान की भाऊ कमी आणि लेकरू जास्त. कळमनुरीच्या पुढं, इसापूर धरणाचं पाणी जिथवर फुगत येतं, तिथं आमचं शेत आहे. म्हणजे आता त्याचं आहे. तिथं त्यानं हुरड्याची जागा काढली. थंडी पडली की हिंगोलीची, नांदेडची माणसं गाड्या भरून येतात, गोवऱ्यांच्या आगट्या पेटतात, कोवळी कणसं भाजून हातावर चोळली जातात आणि सगळे पाण्याकडं तोंड करून डेकवर बसतात. डेक म्हणजे सिमेंटच्या खांबांवर उभारलेली सागवानी फळ्यांची मोठी बैठक. तीन बाजूंनी कठडा, चौथ्या बाजूला पायऱ्या. जागेला त्यानं नाव दिलं 'जळबाबाबांचा मळा'. जळबा आमचे वडील. ती पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी रडले होते. आता त्या रडण्याची लाज वाटते.

डेकची निगा पहिल्या वर्षापासून मीच घेत आले. मला कुणी नेमलं नव्हतं. सरकारी नर्स म्हणून जन्म काढला, वसमतला घर बांधलं, मालक गेले, नोकरी संपली आणि हात रिकामे झाले. रिकाम्या हाताची बाई दुसऱ्याच्या घरात खोड्या काढते, म्हणून मी दर वर्षी पावसाळा सरला की पिशवी भरायची, एसटीत बसायची आणि मळ्यावर उतरायची. रत्नपालच्या गड्यांना डेक धुवायला सांगितला की ते मोटारीचा पाइप लावून गाडी धुतल्यासारखा धुवायचे. पाण्याच्या जोरानं लाकडाचं कोवळं अंग उडून जातं आणि फळी खडबडीत होते, हे त्यांना सांगायला जावं तर म्हणायचे, आक्का, लाकूडच हाय, त्याला काय दुखतं का. शेवटी मी त्यांना हाकलून दिलं आणि पदर खोचला.

शिकवलं मला खाजा मियांनी. खाजा मिया कळमनुरीचे सुतार, डेक त्यांनीच बांधलेला. त्यांनी सांगितलं, आधी फळ्यांमधल्या फटी साफ करा, तिथं पालापाचोळा अडकला की ओल धरते आणि कूज तिथूनच सुरू होते. घासायचं ते रेषेच्या दिशेनं, आडवं कधीच नाही. ब्रश काथ्याचा घ्यायचा. तारेच्या घासणीला तर हातच लावायचा नाही.

"आक्का, सागवानाला लोखंड लावू नका," ते म्हणाले होते. "लोखंडाचा कण बसला अन् ओल लागली की काळा डाग पडतो. मंग जनम जातो, डाग जात न्हाई."

एकाच गोष्टीवर त्यांचं आणि रत्नपालचं जमलं नव्हतं. खाजा मियांना डेकला जवसाचं तेल पाजायचं होतं. रत्नपालनं मात्र चॉकलेटी रंगाचं जाड पॉलिश दिलं, आरशासारखं चकचकीत, इतकं गडद की खालचं लाकूड सागवान आहे की बाभूळ, ते ओळखू येऊ नये. मी तेव्हा म्हटलंही, "रत्न्या, एवढ्या चांगल्या लाकडाला हा काळा अंगरखा कशाला?" तो हसला. म्हणाला, "पाहुण्यांला चमक आवडती, आक्का." मला ते खरं वाटलं. त्याचं मला सगळंच खरं वाटायचं.

आता सागवानाची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आमच्या शेताच्या बांधावर बाबांनी सागवानाची चार झाडं लावली होती, मी रांगत होते तेव्हा. माझं लग्न ठरलं त्या वर्षी आमचा मोऱ्या बैल म्हातारा होऊन गेला. त्याच्या खुराचा एक नाल बाबांनी जपून ठेवला होता, अर्ध्या चंद्रासारखा. तो त्यांनी सगळ्यात मोठ्या झाडाच्या बुंध्यावर ठोकला. मी म्हटलं, "बाबा, तुमीच तर म्हणता आपण शकुन-बिकुन मानत न्हाई." ते म्हणाले, "शकुन कशाचा? ही खूण हाय. चारी झाडं तुझी. उद्या तुझं घर हुईल, त्याची चौकट या लाकडाची कर. भाऊ दार उघडील, न उघडील. बाईला आपलं एक दार पाहिजे." रत्नपाल तेव्हा माझ्या कडेवर होता आणि माझ्या कानातलं ओढत होता. झाड वाढत गेलं तसा त्यानं तो नाल हळूहळू गिळला. पुढं पुढं सालीवर नुसता एक वण राहिला. माहेरी गेले की मी त्या वणावरून हात फिरवायची.

बाबा गेल्यावर हक्कसोडीचा विषय निघाला. आमच्याकडं बहिणीनं भावासाठी हक्क सोडायचा, हे न सांगता ठरलेलं असतं. सोडला तर ती मोठ्या मनाची, न सोडला तर तिचं माहेर तुटलं. मी सोडला. खुशीनं सोडला, खोटं कशाला बोलू. कळमनुरीला कचेरीबाहेर चहाच्या गाड्यावर रत्नपालनं माझे दोन्ही हात धरले आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाला, "आक्का, बांधावरचं सागवान मात्र तुझंच. बाबांचा शब्द हाय. तू म्हणशील तवा तोडून वसमतला पोचवतो." वसमतचं माझं घर तेव्हा पायापर्यंत आलं होतं.

घराच्या भिंती उभ्या राहत होत्या तेव्हा त्याचा फोन आला. "आक्का, वादळात सागवान पडलं गं. चारी झाडं आतून वाळवीनं खाल्लेली निघाली. जळणाच्या बी कामाची राह्यली न्हाईत." फोनवर तो हुंदके देत होता आणि मीच त्याची समजूत घालत होते. जाऊन पाहिलं तर बांधावर काळे जळके बुंधे तेवढे होते. वाळवी पसरू नये म्हणून पेटवून दिले, असं तो म्हणाला. त्या राखेत मी हात घालून आले. मग घराला लोखंडी चौकट बसवली. पुढच्याच हिवाळ्यात त्याचा डेक उभा राहिला. लाकूड नांदेडच्या वखारीतून आणलं, असं त्यानं सांगितलं, आणि मी म्हटलं, बरं झालं, बाबांच्या नावाला शोभेल असं काहीतरी झालं.

तर यंदाची गोष्ट. ज्वारीची कणसं भरायला लागली होती, येत्या रविवारी पहिले पाहुणे यायचे होते. मी मळ्यावर उतरले आणि डेक पाहून कपाळावर हात मारला. पॉलिशचे पापुद्रे सुटले होते, कांद्याच्या सालीसारखे. पापुद्र्याखाली पाणी शिरून फळ्या जागोजाग पांढऱ्या-करड्या पडल्या होत्या. अशा लाकडावर वरून पुन्हा पॉलिश म्हणजे पू झालेल्या जखमेवर मलम फासून पट्टी बांधायची. ते माझ्यानं जन्मात झालं नाही. रत्नपाल ताटवाट्या आणि खुर्च्या आणायला नांदेडला निघाला होता, त्याला फोन केला तेव्हाच तो म्हणाला होता, खरडू नको. एकदा नाही, तीनतीनदा म्हणाला. मला वाटलं, माझ्या गुडघ्यांची काळजी करून राहिला.

मदतीला तांड्यावरची नानीबाई होती. दोघींनी मिळून पॉलिशचे पापुद्रे पट्टीनं उचलले, मग पॉलिश पेपर घेऊन रेषेच्या दिशेनं घासायला बसलो. काळ्या थराखालून लाकूड वर यायला लागलं तशी मी खुळावले. मधाच्या रंगाचं, तेलकट, दाट रेषेचं लाकूड. वास तर असा की मला एकदम आमच्या बांधावरचं ऊन आठवलं. नानीबाईला म्हटलं, "बघ, केवढं देखणं पोरगं, अन् ह्यानं त्याला बुरख्यात ठेवलं." आम्ही दोघी हसलो. त्या दिवशीचं माझं शेवटचं हसू.

पायऱ्यांजवळच्या फळीवर मला काळे ठिपके दिसले आणि माझं डोकं भडकलं. "नाने, तारेची घासणी वापरलीस का? किती येळा सांगितलं, लोखंड लावायचं न्हाई म्हणून!"

"न्हाई माय," ती बिचारी हात झटकून म्हणाली. "मी तर त्या कोपऱ्यात हाव. इकडं आलेच न्हाई."

मी लिंबू कापून आणलं आणि डागांवर चोळलं. वरवरचा डाग असता तर फिका पडला असता. हा हललाही नाही. पाणी मारून फळी स्वच्छ पुसली, तर ठिपक्यांभोवती निळसर काळं कडं आणि तिथून वर-खाली रेषेत धावलेली काळी झाक दिसायला लागली. हे घासणीचे डाग नव्हते. लाकडाच्या आत खोल कधीकाळी खिळे गेले होते आणि वर्षानुवर्षं तिथं पाझरलेलं लोखंड होतं. मी जरा मागं सरकले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. ठिपके वेडेवाकडे नव्हते. अर्ध्या चंद्रात बसले होते.

मला कळलं होतं. पण कळणं आणि मान्य करणं यात फार मोठं अंतर असतं. मी स्वतःशीच म्हणाले, शकुंतला, दुनियेत काय एकाच झाडाला नाल ठोकला असेल का? आणि तशीच गुडघ्यावर बसून राहिले.

तेवढ्यात खाजा मिया आले. सैल झालेले स्क्रू कसायला मीच त्यांना बोलावलं होतं.

"जय भीम, आक्का."

"सलाम, खाजाभाई," मी बसल्या बसल्याच म्हटलं.

त्यांनी उघडा पडलेला डेक पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. चप्पल काढून ते फळ्यांवरून अनवाणी चालत आले. "हे बराबर काम केलं तुमी. मी रत्नपालला कवापासून सांगून राहिलो, असं लाकूड झाकायचं नसतं म्हणून." मग त्यांचं लक्ष माझ्या समोरच्या फळीकडं गेलं आणि ते चक्क हसले. "घ्या! घावली का तुमची फळी? थांबा, तुमाला एक गंमत दाखवतो."

त्यांनी हत्यारांची पेटी उघडली, तळाशी हात घातला आणि चिंधीत बांधलेलं काहीतरी काढलं. चिंधी सोडली. आत गंजलेला नाल होता. तो त्यांनी फळीवर ठेवला, जरासा सरकवला. नालाच्या भोकांखाली एकेक काळा ठिपका जाऊन बसला.

"बघा, बराबर बसतो का न्हाई? झाड कापायच्या आधी मी छिन्नीनं कोरून काढला. न्हाई तर गिरणीचं पातं मोडलं असतं. रत्नपालला म्हनलं, हा आक्काला दे, तिच्या बाबांची निशाणी हाय. तो म्हनला, आक्काला नको. मला काही टाकू वाटंना. तसाच पडून हाय पेटीत."

मी विचारलं, "झाडं वाळवीनं खाल्ली नव्हती?"

"कोणती झाडं? ही?" ते बुचकळ्यात पडले. "वाळवी सागवानाच्या असल्या गाभ्याला कशी लागंल? उभी, हिरवीगार झाडं तोडली की आमी." बोलता बोलता त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचं हसू हळूहळू विझलं. "आक्का... तुमीच दिलं ना लाकूड? रत्नपालनं साऱ्या गावाला सांगितलं, आक्कानं बाबांच्या नावावर सागवान दान दिलं. डेक उघडला त्या दिशी लोकं तुमच्या पाया पडले ते काहून मंग?"

ते काहून, ते मला तेव्हा कळलं. डेकच्या उद्घाटनाला बायका माझ्या पाया पडल्या होत्या, 'अशी बहीण मिळायला नशीब लागतं' म्हणाल्या होत्या. मला वाटलं होतं, हक्कसोडीचं कौतुक करून राहिल्या. मी मोठ्या मानानं सगळ्यांना आशीर्वाद दिले होते. म्हणजे माझी चोरी झाली होती आणि त्या चोरीच्या मांडवात पाटावर बसून मीच हारतुरे घेतले होते. आणि नंतर दर वर्षी येऊन माझ्याच झाडाचं मढं माझ्याच हातांनी न्हाऊ घातलं होतं, कुणी सांगितलेलं नसताना, भावाच्या मायेनं.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. सुरीनं कापला असता तर निदान लागल्या लागल्या कळलं असतं.

खाजा मिया खाली बसले, कपाळाला हात लावून. "या अल्ला. मला म्हाईत असतं तर आरी लावली नसती, आक्का." मी त्यांना म्हटलं, "तुमचा दोष न्हाई." ते खरं होतं. मला त्यांच्यावर रागवायला फार आवडलं असतं. परक्यावर रागावणं किती सोपं असतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा रत्नपालचा टेम्पो आला. खुर्च्यांची चळत, ताटांची खोकी, पुढं बसलेला तो. उतरता उतरता "आक्काऽ" म्हणून त्यानं हाक मारली आणि डेक उघडा दिसताच पायरीवर थबकला. त्याची नजर डेकभर फिरली नाही. सरळ त्या फळीवर गेली. तिथंच राहिलासाहिला संशय संपला. एवढ्या फळ्यांमधून ती फळी त्याला न शोधता सापडली.

"खरडू नको म्हनलं होतं," तो म्हणाला.

"व्हय. आता कळलं काहून म्हनला होतास ते."

"कसला तरी डाग असंल, आक्का. वखारीचं लाकूड..."

मी नाल उचलून त्याच्यासमोर धरला. तो खाजा मियांकडं पाहायला लागला. खाजा मिया पाण्याकडं.

"रत्न्या, या साऱ्या डेकमधी वाळवीचं एक भोक दाखव मला," मी म्हटलं. "एकच दाखव. मी हात जोडून तुझी माफी मागते अन् आत्ताच्या आत्ता पॉलिश लावायला बसते."

नानीबाईनं ब्रश उचलले आणि हळूच खाली विहिरीकडं गेली. परक्याला जेवढं कळतं तेवढंही कधी कधी आपल्याला कळत नाही.

"बुंधे जाळलेस," मी म्हटलं. "आरीचा काप दिसंल म्हणून बाबांच्या हातच्या झाडाचे बुंधे जाळलेस. अन् फोनवर रडत बी होतास. ते रडणं कुठून आणलंस रे?"

"रडणं खोटं नव्हतं," तो पुटपुटला. आणि मला वाटतं ते खरं असावं. तेच तर जास्त लागलं. मग त्यानं मान वर केली आणि जरा आवाज चढवला. "हे बघ आक्का, मी मागितलं असतं तर तू दिलंच असतंस."

"व्हय. दिलं असतं. चारी झाडं दिली असती, अन् वरून तुलाच जेवू घातलं असतं. मंग मागितलं काहून न्हाई?"

ह्याचं उत्तर मी अजून शोधते. मागितलं असतं तर मी देणारी झाले असते आणि तो घेणारा, एवढंच त्याला नको होतं की काय, कोण जाणे. की मी 'आधी चौकट, मग उरलेलं तुझं' म्हणाले असते, तेवढा धीर त्याला नव्हता? लहानपणी गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवेपर्यंत त्याला दम निघायचा नाही, हिसकून घ्यायचा. आम्ही सगळे हसायचो.

"मी साऱ्या गावात तुझंच नाव सांगितलं," तो म्हणाला. "तुझाच मान वाढवला ना? माझं नाव कुठं घेतलं?"

"माझंच लाकूड, माझ्याच नावानं दान केलंस. अन् दर वर्षी मला त्याच्यावरच झाडू मारू दिलास."

"तुझ्या घराला सागवानाची नवी चौकट बसवून देतो. नांदेडहून आणतो, पायजे तशी. झालं समाधान?"

मी काही बोलले नाही. त्याला वाटलं, वादळ सरलं. माझ्या गप्प बसण्याचा त्यानं जन्मभर हाच अर्थ घेतलेला आहे, आणि तो तसाच असायचाही. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून मी किती वेळा गप्प बसले असेन. तो जरा जवळ आला आणि अगदी लहानपणीच्या लाडीगोडीनं म्हणाला, "आता खरडलंच हायेस तर तेल तेवढं लावून दे, आक्का. रविवारी पाहुणे हायेत. तुझ्यासारखं कुणाला जमत न्हाई."

ते वाक्य ऐकलं आणि मी पदर पुन्हा खोचला.

"बरं," मी म्हटलं. "तेल आण."

त्याचा चेहरा असा फुलला की मला त्याची कीव आली. धावत जाऊन त्यानं सामानाच्या खोलीत पडून असलेला जवसाच्या तेलाचा डबा आणून ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गड्यांना हाका मारत खुर्च्या उतरवायला गेला. खाजा मिया माझ्याकडं बघत राहिले. त्यांना वाटलं असणार, बाई म्हणजे बाई, शेवटी विरघळलीच.

मी फळी कोरड्या फडक्यानं पुसली. तेलात चिंधी बुडवली, पिळली आणि रेषेच्या दिशेनं हात फिरवायला सुरुवात केली. तहानलेलं लाकूड तेल ओढून घेत होतं. जरा थांबून दुसरा हात दिला, मग तिसरा. पिईल तेवढं पाजलं. लाकडाच्या रेषा एकेक करून जाग्या झाल्या आणि त्या अर्ध्या चंद्राचे काळे ठिपके असे ठळक उमटले, जणू बाबांनी सकाळीच नाल ठोकला असावा. वर राहिलेलं तेल मी पुसून घेतलं. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या की आपोआप पेट घेतात, म्हणून त्या दगडावर पसरून टाकल्या. मग डब्याचं झाकण घट्ट लावलं, हात धुतले आणि नाल चिंधीत बांधून पिशवीत टाकला.

नानीबाई विहिरीवरून परत आली होती. डेककडं पाहून म्हणाली, "माय, एकच फळी झाली. बाकीचं?"

"बाकीचं त्याचं हाय," मी म्हटलं आणि पायऱ्या उतरले.

मागून रत्नपालच्या हाका आल्या. आधी लाडाच्या, मग रागाच्या, मग घाबरलेल्या. सडकेला लागेपर्यंत मी वळून पाहिलं नाही. उघडं सागवान तेलाशिवाय उन्हात टाकून जाणं मला सोपं गेलं नाही. रुग्णाला टेबलावर सोडून आल्यासारखं वाटत होतं. पण गेले.

संक्रांतीच्या सुमाराला खाजा मिया वसमतला आले होते. माझ्याकडं चहाला थांबले. न विचारताच त्यांनी सांगितलं. मी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी रत्नपालनं हिंगोलीहून रंगारी आणला आणि साऱ्या डेकवर पुन्हा तेच काळं पॉलिश फिरवलं. बाकी फळ्यांवर ते बसलं. तेल प्यालेल्या फळीवर वाळलंच नाही, चिकट राहिलं, पाहुण्यांचे पायमोजे चिकटायला लागले. पुसून पुन्हा लावलं. आठवड्याभरात सालपटासारखं निघून आलं. आता सगळा डेक काळा आणि पायऱ्यांजवळ ती एक फळी सोन्यासारखी उघडी आहे.

"पाहुणे विचारतात की," खाजा मिया म्हणाले. "ही एकच फळी येगळी काहून म्हणून."

"मंग? काय सांगतो तो?"

खाजा मियांनी कप खाली ठेवला. "सांगतो, आमच्या आक्कानं दिलेली हाय. तिच्या हातचं तेल हाय, म्हणून पॉलिश लावू दिलं न्हाई." मग म्हणाले, "पण सवता तिच्यावर पाय देत न्हाई. वळसा घालून जातो."

आणि मागच्या हप्त्यात तो स्वतः आला. दारात टेम्पो थांबला, मागं चौकट आडवी बांधलेली. नवीकोरी, सागवानी, वर नक्षी. रत्नपाल उतरून उभा राहिला. वाळला होता. "आक्का," तो म्हणाला, "आणली. तुला म्हनलं होतं तशी." हात जोडायचे की पुढं यायचं, ते त्याला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. मी लोखंडी चौकट ओलांडून बाहेर गेले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि या वेळी ते पाणी मला खरं वाटत होतं. जवळ घ्यावं म्हणून हात उचलला.

हात त्याच्याकडं गेला नाही. चौकटीकडं गेला. तिच्यावर गडद, चकचकीत पॉलिश होतं. माझं नख त्या पॉलिशवर कधी टेकलं आणि कधी मी खरडायला लागले, ते माझं मलाच कळलं नाही. पापुद्रा निघाला. खाली मधाच्या रंगाचं, दाट रेषेचं, खरंखुरं सागवान होतं. कुठं भेसळ नव्हती, फसवणूक नव्हती.

मान वर केली तर रत्नपाल माझ्या नखाकडं बघत होता.

"चांगलं हाय लाकूड," मी म्हटलं.

"व्हय," तो म्हणाला. टेम्पोवाल्याला त्यानं दोर सोडू नको म्हणून खूण केली आणि पुढं जाऊन बसला.